अजायबखान्यातला माल आला कुठून?

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर परभणी असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातील माणसाचे हैदराबादला जाणे-येणे जुने आहे. कोणी मालाच्या खरेदीला जातो, कोणी दवाखान्यासाठी, कोणी सोयरिकीसाठी. काम आटोपून अर्धा दिवस हाती उरला की पाय चारमिनारकडे वळतात आणि तेथून मुसी नदीच्या काठावरील सालारजंग म्युझियमकडे. (शुक्रवारी हे म्युझियम बंद असते, हे ठाऊक नसल्याने अनेकांना दारातून परतावे लागते.) आत गेल्यावर सर्वांत मोठी गर्दी असते ती दुपारी बारा वाजता, वाजणाऱ्या घड्याळासमोर. छोटा दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो, घंटेवर बारा टोले देतो आणि परत आत जातो. मुले टाळ्या वाजवतात, मोठी माणसे हसतात आणि पांगतात.

त्या गर्दीतील व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, "याची किंमत किती असेल?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण आपल्या दुकानात तोच व्यापारी आणखी एक प्रश्न रोज विचारतो, "माल कुठला? कोणाकडून आला?" म्युझियममध्ये शिरताना हा दुसरा प्रश्न मात्र तो बाहेरच ठेवून येतो. खरे तर संग्रहालयातील प्रत्येक वस्तूमागे खरेदी, नजराणा, वारसाहक्क, दान, उत्खनन नाहीतर सरळ लूट यांपैकी काहीतरी असतेच. या मालाचा इतिहास हा व्यापाराचाच इतिहास आहे आणि त्यात आपल्या व्यापारी बांधवांना व कारागिरांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दिवाणी सुटली, खरेदी सुरू झाली

सालारजंग संग्रहाची कहाणी आधी पाहू. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, तेव्हा ही कहाणी आपल्याला परकी नाही.

पहिले सालारजंग मीर तुराब अली खान हे १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते. १८७६ मध्ये ते युरोपला गेले असताना रोम शहरात त्यांनी इटालियन शिल्पकार बेंझोनी याने घडविलेली 'बुरख्यातील रेबेका' ही संगमरवरी मूर्ती विकत घेतली. दगडातून झिरझिरीत पडदा कोरण्याची ही करामत आजही लोक डोळे विस्फारून पाहतात. घराण्याचा संग्रह अशा खरेदीने वाढत होता.

त्याला खरा आकार दिला तो नातू मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग यांनी. त्यांचा जन्म १८८९ चा. १९१२ साली अगदी तरुण वयात ते दिवाण झाले आणि १९१४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. त्यांनी लग्न केले नाही. पुढील सुमारे ३५ वर्षे जहागिरींचे उत्पन्न त्यांनी एकाच कामात घातले, ते म्हणजे वस्तू जमविणे. देशोदेशीचे विक्रेते आपला माल घेऊन त्यांच्या दिवाण देवडीवर येत आणि नवाबसाहेब स्वतः वस्तू पारखून घेत. जेड दगडाची रेहाल, मोगल काळातील खंजीर, चिनी मातीची भांडी, फ्रेंच लाकूडकाम, काश्मिरी शाली, बिदरी हुक्के, अरबी-फारसी हस्तलिखिते असा हरतऱ्हेचा माल तेथे जमा झाला. वाजणारे घड्याळ आले ते कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या कंपनीकडून.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेबांचे निधन झाले. थेट वारस नव्हता. एवढ्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. असे संग्रह बहुधा नातलगांत वाटले जातात आणि एका पिढीत बाजारात येऊन विखुरतात. येथे तसे झाले नाही. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. पुढे कोर्टामार्फत तडजोड होऊन १९५८ मध्ये वारसांनी संग्रह भारत सरकारच्या हवाली केला. १९६१ च्या कायद्याने या संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि १९६८ मध्ये ते सध्याच्या इमारतीत आले. आज तेथे सुमारे ४३,००० कलावस्तू आणि सुमारे ९,००० हस्तलिखिते आहेत. एका माणसाची खाजगी खरेदी सर्व लोकांची मालमत्ता झाली, कारण वारसांनी वाटणीचा हिशेब बाजूला ठेवून कागदावर सह्या केल्या.

निजामाच्या जवाहिरांचे प्रकरण याहून वेगळे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपले दागिने ट्रस्ट करून ठेवले होते. पुढे ट्रस्टना ते विकायचे होते. परदेशी लिलावदार टपून होते, सरकार आणि ट्रस्ट यांच्यात किमतीवरून वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली. शेवटी १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. १८४ कॅरटहून अधिक वजनाचा जेकब हिरा त्यातच आहे. येथे दान नव्हते, रोख सौदा होता. पण तो ट्रस्टच्या नोंदलेल्या यादीवर झाला, म्हणून माल देशाबाहेर गेला नाही.

तख्त तोडले, वाघ नेला

सर्वच माल असा पैसे मोजून किंवा दानाने आलेला नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणम पडले आणि टिपू सुलतान शहीद झाले. त्यानंतर कंपनीच्या फौजेने जी लूट केली तिचीही रीतसर वाटणी झाली. त्यासाठी लष्करी अधिकाऱ्यांची समिती नेमलेली होती आणि हुद्द्याप्रमाणे हिस्से ठरलेले होते. टिपूंचे सोन्याने मढविलेले तख्त या वाटणीसाठी तोडण्यात आले. कारागिरांनी घडविलेली ती वस्तू सोन्याच्या वजनाने वाटली गेली. लाकडी वाघ मात्र वाचला, कारण त्यात वाटण्यासारखे सोने नव्हते. शिपायावर झेप घेतलेला, आत बाजा बसविलेला हा वाघ लंडनला गेला, १८०८ पासून कंपनीच्या संग्रहालयात लोकांपुढे आला आणि १८८० पासून तो तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

व्यापारी बांधवांनी या तख्ताचे उदाहरण लक्षात ठेवावे. जी वस्तू काट्यावर गेली ती संपली. जी काट्यावर गेली नाही ती, परक्या देशात का होईना, सव्वादोनशे वर्षांनंतरही टिपूंचे नाव सांगत उभी आहे.

त्याच लंडनच्या म्युझियममधून जुलै २०२४ मध्ये वाघनख साताऱ्याच्या संग्रहालयात आले, तेही तीन वर्षांच्या बोलीवर. ते ज्या डबीत ठेवले होते तिच्यावर, हे शिवाजी महाराजांचे वाघनख असून पेशव्यांच्या प्रधानाने ते साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट याला दिले, अशी नोंद आहे. परंतु ही नोंद पुराव्याने सिद्ध करता येत नाही, असे म्युझियमचेच म्हणणे आहे. मधल्या काळातील कागद नाही. वस्तू समोर आहे, तरी तिच्याविषयी ठाम शब्द बोलता येत नाही, आणि त्यावरून वाद होतात.

आता याच्या उलट प्रकार पाहा. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून घेतली. तलवारीच्या पात्यावर देवनागरीत मालकाचे नाव कोरलेले आहे. शे-दोनशे वर्षे ती कोठेही फिरली असली तरी ते नाव तिच्याबरोबर राहिले. नाव नसते तर ती "जुनी मराठा तलवार" म्हणून विकली गेली असती.

कारागिराचा माल, नाव मात्र नाही

संग्रहालये भरण्याचा आणखी एक मोठा रस्ता म्हणजे व्यापारी प्रदर्शने. १८५१ साली लंडनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरले. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातून कापड, धातुकाम, दागिने, शस्त्रे असा माल पाठविला. तो पाहून इंग्रज कारखानदार थक्क झाले, कारण यंत्रावरील त्यांच्या मालाला असे घाट आणि असे रंग साधत नव्हते. प्रदर्शन संपल्यावर निवडक वस्तू विकत घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने ५,००० पौंड मंजूर केले आणि त्यात हिंदुस्थानी माल भरपूर घेतला गेला. आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची सुरुवात या खरेदीतून झाली. इंग्रज कारागिरांनी हा माल पाहून शिकावे, हा उद्देश होता. म्हणजे आपला विणकर आणि धातुकारागीर त्यांचा उस्ताद होता.

मुंबईतही असेच घडले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी नमुने गोळा करताना त्यांचा एक संच मुंबईत ठेवला गेला आणि त्यातून शहरातील पहिले संग्रहालय निघाले. १८५७ चा उठाव झाला तेव्हा ती जागा लष्कराला हवी झाली आणि नमुने बाहेर काढले गेले, त्यांची नासधूस झाली. पुढे लोकवर्गणी जमवून भायखळ्याला नवी इमारत उभी राहिली आणि १८७२ मध्ये ती खुली झाली. तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

या सर्व संग्रहांत एक गोष्ट खटकते. कपाटातील चिठ्ठीवर वस्तूचे नाव असते, गावाचे नाव असते, शतक असते, पुष्कळदा देणाऱ्या साहेबाचे किंवा शेठजींचे नावही असते. घडविणाऱ्याचे नाव बहुधा नसते. बिदरीचेच घ्या. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतीव भांडे करायचे, छिन्नीने नक्षी खोदायची, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडे बुडवायचे. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकत राहते. हे हुन्नर बापाकडून मुलाकडे आले. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत बिदरी हुक्के, सुरया आणि पानदाने आहेत. चिठ्ठीवर "दख्खन, सतरावे शतक" एवढेच लिहिलेले आढळते. औरंगाबादच्या हिमरूची गतही तीच. शेरवानी ज्या नवाबाने घातली त्याचे नाव राहते, मागावर बसलेल्या कारागिराचे जाते.

याला जुन्या काळाची रीत जबाबदार होती, हे खरे. पण आजही आपले किती कारागीर आपल्या मालावर नाव किंवा निशाणी घालतात? बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने गावाच्या नावाचे संरक्षण झाले. कारागिराच्या नावाचे संरक्षण कारागिरालाच करावे लागेल.

दुकानदारही संग्राहक झाले

हे सर्व नवाबांचे आणि सरकारांचे काम, आपल्यासारख्या दुकानदाराचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर हे घरचे चष्म्याचे दुकान सांभाळणारे गृहस्थ, 'अज्ञातवासी' या नावाने कविताही करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्यांच्याकडे नवाबांची तिजोरी नव्हती. म्हणून त्यांनी जे इतरांना क्षुल्लक वाटत होते तेच जमविले. दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, घरांचे कोरीव दरवाजे. गावोगाव हिंडून, घासाघीस करून, कधी उधार-उसनवार करून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी हा संग्रह उभा केला. लहानपणी वारलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी त्याला दिले आणि १९६२ मध्ये तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत.

मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) १९२२ मध्ये खुले झाले. त्याचा पायाही व्यापाऱ्यांच्याच संग्रहांवर आहे. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये विकत घेतला गेला. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी आपले संग्रह मृत्युपत्राने दिले.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण तर याहून जवळचे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात लिहिले आहे की पैठणहून रंगीत खडे आणि तगरहून तलम व जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. तेथून ते रोमन मुलखात जाई. या गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्यात, पांढरीत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या आयुष्यभर गोळा केल्या. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह त्यांच्या नावाने सरकारी संग्रहालय म्हणून तेरमध्येच आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले होते. म्हणजे आपल्याकडील मालाची बाजारपेठ कोठपर्यंत होती, याचा पुरावा या दोन मूर्ती देतात. लामतुरे यांच्यासारख्या एका माणसाने त्या वस्तू उचलून ठेवल्या नसत्या तर त्या पुराव्याची एक बाजू कधीच मिळाली नसती.

पैठणचे उदाहरण वेगळे धडे देते. १९३७ मध्ये निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. राजधानी हैदराबाद असल्याने निघालेला माल तेथील संग्रहालयात गेला. पुढे राज्ये बदलली, जिल्हे महाराष्ट्रात आले, माल मात्र जेथे नोंदला गेला तेथेच राहिला. दप्तर जेथे, माल तेथे, हा या धंद्याचा नियम आहे.

मोडीचा काटा

आता आपल्या दारात येऊ. परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड येथील जुन्या घरांत अजून काय काय आहे, याची यादी कोणी केली आहे काय? पाथरीचे नाव तर निजामशाही घराण्याच्या मूळ गावाचे म्हणून इतिहासात आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात जुनी मंदिरे आणि कोरीव स्तंभ उभे आहेत. अशा मुलखात वस्तू नसतील असे कसे होईल? तांब्याच्या देगच्या, बदने, तबके, गुलाबपाश, पानदाने, मुठीवर अक्षरे असलेल्या तलवारी, काझी-इनामदारांच्या सनदा, हाताने लिहिलेले कुरआन शरीफ, जुन्या हिशेबाच्या वह्या, हिमरूचे अंगरखे.

घर पाडून नवे बांधायचे ठरले किंवा भावाभावांत वाटणी झाली की या वस्तू बाहेर येतात. भांडी मोडीच्या काट्यावर जातात. तोल करणारा तांब्याचा भाव लावतो, कलई खरवडून पाहतो, तळाशी कोरलेली फारसी अक्षरे कोणी वाचत नाही. कागद रद्दीत जातात किंवा वाळवी खाते. अंगरख्याची जर काढून कापड फेकले जाते. टिपूंच्या तख्ताचे जे इंग्रज शिपायांनी केले तेच आपण आपल्या घरी आपल्या हातांनी करतो. फरक इतकाच की त्यांना हिस्सा तरी मोठा मिळाला.

दुसरी वाट याहून वाईट. शहरातून कोणी फिरता गिऱ्हाईक येतो, मोडीच्या दुप्पट भाव देतो आणि वस्तू घेऊन जातो. विकणाऱ्याला वाटते, फायदा झाला. वस्तू चार हात पुढे गेली की तिची किंमत कितीतरी पट होते आणि ती कोणाच्या घरची होती हे कायमचे पुसले जाते. कधी त्या जागी खोटी कहाणी चिकटवली जाते. न्यूयॉर्कचा सुभाष कपूर हा विक्रेता याच धंद्यात होता. तमिळनाडूतील मंदिरातून चोरलेली नटराजाची मूर्ती त्याने खोट्या कागदपत्रांवर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला विकली. २०११ मध्ये तो पकडला गेला, २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली आणि २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. खरेदीदाराचे पैसे गेले, नाव गेले ते वेगळेच. "माल कुठला?" हा प्रश्न नीट न विचारल्याचा हा परिणाम.

कायदा काय सांगतो

जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांनी, विशेषतः भंगार, तांबे-पितळ, सराफी आणि जुन्या फर्निचरच्या धंद्यातील बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा आहे आणि तो एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणे, शिल्प, चित्र, कोरीव लेख हे पुरावस्तू ठरतात. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखितासाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू घरात बाळगणे हा गुन्हा नाही. परंतु दगड, धातू, माती, हस्तिदंत यांची शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावे लागते. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवताच येत नाही. पाठविल्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

नवी पण जुन्या घाटाची वस्तू करून परदेशी पाठविणाऱ्या कारागिरांनी घाबरण्याचे कारण नाही. वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळतो. तो घेतल्याने बंदरावर माल अडत नाही. हस्तिदंताचे मात्र नाव काढू नये. वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे.

घराचा पाया खोदताना किंवा नांगरताना हंडा, नाणी, दागिने सापडले तर १८७८ चा निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविल्यास आपला हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कळविल्यास आणि दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत न झाल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, अशी या कायद्यात तरतूद आहे. सरकारने निधी स्वतःकडे घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम मिळते. म्हणजे धातूपुरते पाहिले तर प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला मोडीच्या भावापेक्षा थोडे अधिकच मिळते. भीतीपोटी रातोरात सोने वितळविणारा माणूस वस्तूही गमावतो आणि हक्कही.

काट्याआधी कागद

मग आपण काय करावे? मोठे काही करण्याची गरज नाही. व्यापाऱ्याला वहीची सवय आहेच. घरातील जुन्या वस्तूंसाठी एक वेगळी वही घालावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. ती काय आहे, किती लांब-रुंद, कशाची, कोणाकडून आली, आजोबा तिच्याविषयी काय सांगत, अक्षरे असल्यास कोणती, हे लिहावे. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. सनदा आणि हस्तलिखितांना प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडू नये, तेल-हळद लावू नये, चिकटपट्टी लावू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे. मशिदीत, दर्ग्यात, मदरशात जुनी हस्तलिखिते असतील तर विश्वस्तांनी अशीच यादी करून त्यावर सह्या घ्याव्यात. ती अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब असावाच लागतो.

मोडीचा धंदा करणाऱ्या बांधवांना विनंती आहे की, अक्षरे किंवा नक्षी असलेले भांडे भट्टीत टाकण्याआधी एक दिवस थांबावे आणि उर्दू-फारसी जाणणाऱ्या एखाद्या उस्तादांना दाखवावे. मालकाला खरी गोष्ट सांगावी. गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर मिळालेला नफा हा नफा नव्हे, हे आपल्या बाजाराला कोणी नव्याने शिकवावे असे नाही.

वस्तू विकायची किंवा द्यायचीच असेल तर संग्रहालयाचा विचार आधी करावा. मोठी सरकारी संग्रहालये समितीमार्फत वस्तू विकत घेतात आणि दानही स्वीकारतात. दान देताना लेखी पत्र घ्यावे, त्यावर वस्तूचा नोंदणी क्रमांक मागावा आणि चिठ्ठीवर घराण्याचे व गावाचे नाव असावे, असे कळवावे. "परभणी जिल्हा" हे दोन शब्द त्या चिठ्ठीवर आले तर नातवंडे ते दाखवायला जातील.

आणि कारागीर बंधूंनो, आज तुम्ही घडविता तो माल शंभर वर्षांनी पुरावस्तू होणार आहे. भांड्याच्या तळाशी, शालीच्या कोपऱ्यात, पेटीच्या झाकणाआत आपले नाव, गाव आणि साल घाला. त्याला दोन मिनिटे लागतात. सालारजंगांच्या कपाटांत हजारो वस्तू आहेत ज्यांच्या कारागिरांनी ती दोन मिनिटे काढली नाहीत, किंवा त्यांना ती काढू दिली गेली नाहीत. तुम्हाला आज कोणी अडवलेले नाही.

पुढच्या वेळी हैदराबादला गेलात तर घड्याळाचे बारा टोले जरूर ऐका. पण गर्दी पांगल्यावर थोडे थांबा, शेजारच्या कपाटातील बिदरी सुरईपुढे उभे राहा आणि चिठ्ठी वाचा. नंतर घरी येऊन माळ्यावरची पेटी उघडा.